घासून टाकलेला त्रिकोण

साहेबांनी मला फसवलं. मग मी साहेबांना फसवलं. या दोन फसवणुकींच्या मधे एका म्हाताऱ्या गायिकेचा आवाज कायमचा गेला, आणि तिने आम्हा दोघांचंही काही बिघडवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुण्यात सध्या ही हकीकत वेगळी सांगितली जाते. त्या हकिकतीत साहेब बिचारे असतात आणि मी कल्हईवाला असतो.

कल्हईवाला हा शब्द त्यांचाच. त्याच्याकडे येतो.

माझा धंदा धातूवर धातू चढवण्याचा. खडकीत रेल्वेलाइनच्या बाजूला माझी शेड आहे. मोटरसायकलचे सायलेन्सर, नळ, दाराच्या कड्या, काय हवं ते घेऊन या, निकेल-क्रोम करून देतो. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. पास झालेल्या नगावर ते स्वतःचा पंच मारायचे: एक त्रिकोण आणि त्याच्या मधोमध टिंब. तो दिसला की पुढच्या माणसाने प्रश्न विचारायचा नाही. निवृत्त होताना पंच जमा करावा लागला, पण त्रिकोण आमच्या घरातच राहिला. स्टोव्हवर, डब्यांवर, माझ्या सायकलच्या मडगार्डवर. शेड उभी केली तेव्हा पहिल्या हौदाच्या कडेवर मी तोच कोरला. मला कुणी भांडवल दिलं नाही, ओळख दिली नाही. त्रिकोण तेवढा आयता मिळाला.

ते यंत्र मला हडपसरच्या पुढे एका भंगारवाल्याच्या गोदामात दिसलं. परदेशातल्या कुठल्यातरी बंद पडलेल्या रेकॉर्ड कंपनीचा माल गोदीतून फिरत फिरत त्याच्याकडे आला होता. त्याला वाटलं लेथ आहे. मीही आधी लेथच समजलो. मग खालच्या खणात एक लहान डबी दिसली, मखमलीत बसवलेली, आणि तिच्यात हिऱ्याचं टोक. मी खण बंद केला आणि लोखंडाचा भाव विचारला. तीन दिवस घासाघीस चालली. तीनही दिवस मी त्या खणाकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी "राहू दे मग" म्हणून निघालो आणि स्वारगेटला येऊन बसच्या रांगेत उभा राहिलो, तेव्हा त्याचा फोन आला. धंद्यात मी जे काही कमावलंय ते बोलून कमी आणि गप्प बसून जास्त.

यंत्र रेकॉर्डची मूळ प्रत कोरण्याचं होतं. साधारणपणे ती मऊ, लाखेसारख्या थरावर कोरतात. या यंत्रात थेट धातूवर कोरतात. पोलादी थाळीवर तांब्याचा थर चढवायचा आणि हिऱ्याने त्या तांब्यातच गाण्याची चर पाडायची. त्या थाळीवरून निकेलचे साचे निघतात, साच्यांवरून रेकॉर्डी छापतात. तांबं चढवणं हे माझं कामच. पण असं आरशासारखं तांबं, ज्यात डोळ्याला न दिसणारा खड्डासुद्धा चालत नाही, ते चढवायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात शेडमधले दोन हौद मी दुसऱ्या कुठल्याच कामाला दिले नाहीत.

तांब्याची एक खोड आहे. ताजं असतं तेव्हा हिरा त्यातून लोण्यासारखा जातो. उबेत पडून राहिलं की त्याला आतल्या आत रवा धरतो, तुपाला धरतो तसा. वरून पाहाल तर काहीच फरक दिसत नाही. पण हिरा त्या रव्यावरून खरखरत जातो आणि गाण्यामागे एक बारीक चरचर कोरली जाते. ती मग साच्यात उतरते, छापलेल्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये उतरते. म्हणून ताज्या थाळ्या गोठवून ठेवायच्या आणि पाठीवर तारीख लिहायची. बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानाचा डीप फ्रीझर मी आणला. त्याच्या झाकणावर अजून कोनचं चित्र आहे. बायको म्हणाली, "लोक बर्फात वाटाणे ठेवतात. आमच्याकडे तांबं."

साहेब आपण होऊन आले. नारायण पेठेत राहणारे, आयुष्यभर ध्वनिमुद्रण केलेले, शहरातल्या गाणाऱ्या मंडळींत ज्यांच्या कानाचा दाखला द्यायचे असे. यंत्राची बातमी त्यांना कुठून लागली कोण जाणे. रिक्षातून उतरले, शेडच्या दारात रुमालाने नाक धरलं आणि यंत्राभोवती एक फेरी मारली.

"अहो कारखानदार, आपण यावर काय कोरणार होतात? नळाच्या तोट्या?"

"आपण येण्याची वाट बघत होतो, साहेब."

"बघा. म्हणजे वाट तरी बरोबर बघता."

पैशाचं बोलणं पाच मिनिटांत उरकलं. माझी अट वेगळी होती. रेकॉर्डवर गाणं संपल्यानंतर लेबलपर्यंत एक गुळगुळीत कडं उरतं. कोरणारा माणूस तिथे सुईने आपली खूण ओरखडतो. जगभर ही रीत आहे. बाहेर कव्हरवर कुणाचंही नाव असो, आत त्या कड्यात कारागीर असतो. साहेबांची खूण म्हणजे एका रेघेत काढलेला लहानसा कान. त्या कानाशेजारी माझा त्रिकोण येईल, एवढंच मी मागितलं.

"त्रिकोण?" साहेब म्हणाले. "कुटुंबनियोजनाचा?"

मी हसलो. अट मान्य झाली होती, हसायला माझं काय जात होतं?

आमची कामाची पद्धत ठरून गेली. प्रत्येक थाळी यंत्रावर चढली की आधी बाहेरच्या कडेला गाण्याशिवाय दोन-चार फेरे कोरायचे. कोरी चर. ती वाजवून ऐकायची. तांबं कसं आहे ते तिथेच कळतं. साहेब आपल्या स्वतःच्या पेटीतून हेडफोन काढत, डोळे मिटून ऐकत आणि मग तोच हेडफोन माझ्याकडे देत.

"ऐका. सांगा बघू काय वाटतंय. शिकलं पाहिजे तुम्ही."

मी ऐकायचो. "किंचित खरखर आहे, साहेब." किंवा, "उजवीकडे बारीक शिट्टी येतेय."

ते थोडा वेळ विचार करत. मग म्हणत, "बरोबर. कान तयार होतोय तुमचा." थाळी बाजूला ठेवली जायची, नाहीतर कुठलातरी खटका फिरवला जायचा. दहावीत गणितात गटांगळ्या खाल्लेला मी, नारायण पेठेतला माणूस माझी परीक्षा घेतोय आणि मी पास होतोय, याचंच मला कोण अप्रूप. घरी जाऊन बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "कान तयार झाला असेल तर कुकरच्या शिट्ट्या मोजा."

बऱ्याच थाळ्या आम्ही केल्या. प्रत्येकीवर साहेबांनी कान काढला आणि मी माझ्या हाताने त्रिकोण काढला. थाळ्या बांधून छापखान्याकडे पाठवायचं काम साहेब घरून करत. "छपाईवाले माझ्या ओळखीचे आहेत," म्हणाले. मला त्यात काही गैर वाटलं नाही. भंगारवाल्याला तीन दिवस झुलवणारा मी, इथे खण उघडून बघितलाच नाही.

बाणेरला एका आयटीतल्या गृहस्थाने रेकॉर्डी ऐकायला दहा-बारा जणांना बोलावलं होतं. त्यात आमची एक होती. मी मुद्दाम पांढरा शर्ट घालून गेलो. एका मुलाने विचारलं, "काका, तुमचा काय संबंध यात?" मी म्हटलं दाखवतो. रेकॉर्ड हातात घेऊन दिव्याखाली तिरपी केली. कान होता. कानाशेजारी एक पुसट चकाकी होती, बोटाच्या पेराएवढी, घासून घासून सपाट केलेली. मी शेल्फातून आमच्या बाकीच्या मागितल्या. सगळ्यांवर तेच. छापायला पाठवण्याआधी, घरी बसून, साहेबांनी प्रत्येक थाळीवरचा माझा त्रिकोण घोटून काढला होता. निगुतीने. अशा कामाला तास-दीड तास लागतो. तो वेळ त्यांनी दर वेळी दिला होता.

"दिसलं का, काका?" तो मुलगा विचारत होता.

"नाही," मी म्हणालो. "दिव्याचा प्रॉब्लेम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारायण पेठेत. त्यांच्या पत्नीने चहा दिला. मी कपाला हात लावला नाही.

"त्रिकोण कुठे गेला, साहेब?"

त्यांनी नाकारलं नाही. निदान एवढं श्रेय द्यायला हवं. चष्मा पुसला आणि म्हणाले, "अहो, कल्हईवाला घरोघर भांड्यांना कल्हई करतो. तो भांड्यावर सही करतो का?"

"आपला शब्द होता."

"शब्द त्रिकोण काढू देण्याचा होता. तो आपण काढलात. राहील असं मी कुठे म्हटलं होतं?"

मी आयुष्यात पुष्कळांच्या गचांड्या धरल्या आहेत. एका ठेकेदाराला हौदाच्या कडेपर्यंत ओढत नेलंय. त्या दिवशी मात्र उठलो, चपला घातल्या आणि जिना उतरलो. राग डोक्यात जातो तेव्हा मी ओरडतो. त्यापलीकडे गेला की मला सौदा सुचतो.

घरी येईपर्यंत एक गोष्ट डोक्यात वळवळायला लागली. इतक्या थाळ्यांत, इतक्या कोऱ्या चरी ऐकल्या, साहेबांनी एकदाही माझ्या आधी तोंड उघडलं नव्हतं. दर वेळी आधी मी बोललो आणि मग ते "बरोबर" म्हणाले. परीक्षा घेणारा माणूस कधीतरी "चूक" म्हणतो. ते कधीच म्हणाले नव्हते.

त्याच महिन्यात बाईंचं काम आलं. बाई म्हणजे एके काळच्या गायिका. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज कुजबुजीवर आलेला. तरुणपणी एका घरगुती बैठकीत गायलेल्या, त्याची एकच टेप मुलीला ट्रंकेत सापडली होती. बाईंनी कधी कंपनीसाठी गायलं नव्हतं. म्हणजे त्या गायच्या याचा पुरावा ही एवढीच टेप. मुलगी ती साडीत गुंडाळून घेऊन आली.

साहेबांनी टेप भिंगाखाली पाहिली. "थर सुटलाय. हिला थोडी ऊब देऊन एकदा वाजवता येईल. एकदाच. थेट तांब्यावर घेऊ."

मी म्हटलं, "साहेब, बाजूला एक कॉम्प्युटर लावून ठेवू. त्याच वेळी कॉपी होईल."

"कॉम्प्युटर मधे आला तर मग तांब्याचा खटाटोप कशाला? मोबाइलवर ऐका की." मग मुलीकडे वळून म्हणाले, "टेपवरून तांब्यावर, मधे कुणी नाही. यालाच तर किंमत आहे. आपल्याला शंका असेल तर दुसरीकडे जा."

मुलगी बिचारी शहरात त्यांच्या कानाची कीर्ती ऐकून आलेली. ती काय शंका घेणार? मी मनात आणलं असतं तर एक वायर गुपचूप जोडू शकलो असतो. जोडली नाही.

शेडमध्ये गरम हौदाच्या वरच्या फळीवर एक थाळी सगळा उन्हाळा पडून होती. नमुना म्हणून ठेवलेली. रवा धरून धरून तिचं आतून पार भरडं झालं असणार. ती मी खाली काढली, सौम्य तेजाबातून काढून लखलखीत केली, पाठीवर नवी तारीख घातली आणि सकाळी फ्रीझरमध्ये ताज्या थाळ्यांच्या वर ठेवली. मला फक्त बघायचं होतं. कोऱ्या चरीवर साहेब म्हणाले असते "हे काय आणलंत?", तर मी चुकीची थाळी आली म्हणून दुसरी चढवली असती आणि कल्हईवाला म्हणून घरी गेलो असतो. खरंच गेलो असतो.

कोरी चर कोरली. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. हेडफोन माझ्याकडे दिला.

"सांगा, कारखानदार."

कढईत काहीतरी टाकावं तसा आवाज येत होता. आंधळ्यालाही दिसावा इतका स्पष्ट. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, वाट बघत. त्या क्षणी मला सगळं कळलं. इतके दिवस कुणाच्या कानाने काम चाललं होतं ते कळलं, आणि त्रिकोण का घासला तेही कळलं. त्या कड्यात त्यांना एकच कान दिसायला हवा होता, आणि ज्याने काम चाललं होतं तो कान त्यांचा नव्हता.

"लोण्यासारखं आहे, साहेब," मी म्हणालो.

"बरोबर," साहेब म्हणाले. "कान तयार झालाय तुमचा. करू सुरू?"

तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. त्यांनी टेप चढवली, बोटाने रीळ सारखं केलं, खुर्ची ओढली. मुलगी कोपऱ्यात हात जोडून बसली होती.

"करा," मी म्हणालो.

अठरा-वीस मिनिटं. टेप फिरत होती आणि तिच्यावरचा तपकिरी थर भुकटी होऊन यंत्रावर सांडत होता. हिऱ्यामागून तांब्याचा कीस केसासारखा निघून यंत्राच्या नळीत ओढला जात होता. बाईंचा आवाज, काय सांगू, मला गाण्यातलं कळत नाही, पण मोकळा, रागीट, कुणाला न घाबरणारा आवाज होता. आणि त्याच्या मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत ती चरचर. मी ऐकत उभा राहिलो. मधे एकदा साहेबांनी आनंदाने मान डोलावली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, अंगावरून थंड पाणी गेल्यासारखं बरं वाटलं.

संपल्यावर साहेबांनी कान काढला. मी सुई हातात घेतली नाही. "आज नाही का?" त्यांनी विचारलं. "राहू दे," मी म्हणालो, "घासायचे श्रम वाचतील तुमचे."

तांब्याची थाळी हलक्या सुईने एक-दोनदा वाजवून ऐकता येते. ते ऐकायला चार दिवसांनी मुलगी बाईंना घेऊन आली. वाळलेल्या, ताठ, नऊवारीतल्या बाई. साहेबांनी उठून नमस्कार केला. थाळी लावली. बाईंनी दोन ओळी ऐकल्या आणि कुजबुजत विचारलं, "मागे भजी कोण तळतंय?"

मुलीने ते मोठ्याने सांगितलं. साहेब हसले. "छे, छे. शांत आहे अगदी. आपल्याला भास होतोय."

"भजी तळतायत," बाई पुन्हा म्हणाल्या. "टेप लावा परत."

टेपवर आता काही उरलं नव्हतं. मुलगी साहेबांकडे बघत होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं. आणि मग मी ते केलं, ज्यासाठी बाणेरपासून थांबलो होतो. "माझ्याकडे काय बघता?" मी ओरडलो. "सांगा ना त्यांना! चरचर आहे की नाही? ऐका आणि सांगा! सगळ्या पुण्याला सांगता! ऐकू येत नाही तुम्हाला. ठार बहिरे आहात बारीक आवाजाला, आणि मला शिकवत होतात!"

साहेबांचा चेहरा कसा झाला ते लिहिणार नाही. मला तो आठवायला आवडतो, म्हणूनच लिहिणार नाही.

बाईंनी हात वर केला. मी गप्प झालो. त्यांना इतकं हळू बोलावं लागायचं की समोरच्याला वाकावंच लागे. मी वाकलो.

"त्यांना ऐकू येत नाही, ते दिसलं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला येतं ना?"

"हो."

"त्या दिवशीही येत होतं?"

मी सुईकडे पाहिलं. त्यांना उत्तर मिळालं. थाळी अजून फिरत होती. त्यांनी ती शेवटपर्यंत वाजू दिली, चरचरीसकट आपलं गाणं पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं ऐकलं. मग थाळीवर वाकून त्यांनी विचारलं, "हे काय काढलंय इथे?" मुलगी म्हणाली, "कोरणाऱ्याची खूण असते, आई. कान आहे."

"आणि यांची?"

"यांची नाही."

बाईंनी सुईकडे बोट दाखवलं. "काढा."

"बाई, राहू दे…"

"काढा. केलंय तर काढा."

मी काढला. टिंब मधोमध आलं नाही. बाईंनी तो नीट पाहिला आणि पदर सावरून उठल्या. थाळी घेऊन जायला त्यांनी नकार दिला. मुलगी जाताना माझ्याशी बोलली नाही, साहेबांशीही नाही. ती थाळी छापायला कुणी पाठवली नाही. ती माझ्याकडे आहे, फ्रीझरमध्ये. आता गोठवून काही उपयोग नाही, तरी आहे.

साहेब त्या दिवशी हेडफोनची पेटी विसरून गेले. पोचवण्याआधी मी ती उघडली. खण न उघडण्याची चूक मी एकदाच करतो. आत घडी घातलेला कानाच्या डॉक्टरांचा कागद होता. आलेखाची रेघ निम्म्यापर्यंत सरळ येते आणि मग विहिरीत पडावी तशी खाली जाते. त्यावरची तारीख आमच्या पहिल्या थाळीच्याही आधीची आहे. म्हणजे पहिल्यांदा रिक्षातून उतरून माझ्या शेडच्या दारात नाक धरलं, तेव्हाही त्यांना माहीत होतं. एकदाच वाजणारी टेप हातात घेतली, कॉम्प्युटर नको म्हणाले, तेव्हाही.

पेटी मी पोचवली. कागद ठेवून घेतला.

माझा त्रिकोण त्या थाळीवर आहे. वडिलांच्या कारखान्यात त्याचा अर्थ होता, हा नग मी तपासला आणि सोडला. मी तपासला आणि सोडला, हे मी इथे लिहून दिलं. पण त्याच्या शेजारी एक कानही आहे, आणि तो ज्यांचा आहे ते आज नारायण पेठेत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत की एका कल्हईवाल्याने घात केला. बाई अजून आहेत. फार दिवस नसतील. साहेब, त्यांच्या समोर बसा आणि त्यांना उत्तर द्या. मला देऊ नका, मला ते माहीत आहे. ऐकू येत नाही हे ठाऊक असताना ती टेप तुम्ही का घेतलीत? मोठ्याने विचारतोय.